सकाळी सातची लढाई

एस्तेरबाई भालेराव यांच्याबद्दल आमच्या कॉलेजात दोन मतं होती. एक, बाई फार देवभोळ्या आहेत. दुसरं, बाई भांडकुदळ आहेत. दोन्ही चुकीची होती हे कळायला मला बरीच वर्षं लागली. देवाला त्या मानायच्या, पण भोळ्या अजिबात नव्हत्या. आणि भांडायच्या रोज, पण आमच्यापैकी कोणाशी नाही.

गंगापूर रोडच्या एका आतल्या गल्लीत आमचं ज्युनिअर कॉलेज. मी तिथे रसायनशास्त्र शिकवायला लागले तेव्हा एस्तेरबाईंना लॅब असिस्टंट म्हणून वीसेक वर्षं झाली होती. उंची बेताची, खांदे रुंद, केसांचा घट्ट अंबाडा, अंगात ॲसिडनं जागोजागी भोकं पडलेला पांढरा ॲप्रन. ॲप्रनच्या खिशात लाल पेन्सिल आणि आवळासुपारीची पुडी. बोलणं एरवी शहरी आणि स्वच्छ, पण राग आला की त्यात सुरगाण्याचा डोंगर उतरायचा. वडील तिकडच्या एका पाड्यावर शाळामास्तर होते आणि रविवारी तेच उपासना चालवायचे. बाई लग्न होऊन नाशिकला आल्या, नवरा लवकर गेला, मुलगी लग्नानंतर नागपूरला गेली. शरणपूरच्या बाजूला जुन्या ख्रिस्ती वस्तीत दोन खोल्यांत त्या एकट्या राहायच्या.

माझा पहिलाच आठवडा होता. प्रॅक्टिकल साडेसातला सुरू व्हायचं म्हणून मी सातला पोचले. लॅबचं दार अर्धवट उघडं होतं आणि आतून बाईंचा आवाज येत होता. चढा नव्हता, पण रांगेत घुसणाऱ्याला आपण ठणकावतो तसा होता.

"नाही. आज नाही. आज तिला हात लावायचा नाही. मी इथं उभी आहे."

आत कोणीतरी मारामारी करतंय असं वाटून मी घाईघाईनं आत शिरले. आत बाईंखेरीज कोणी नव्हतं. विषारी वाफा बाहेर ओढणाऱ्या काचेच्या कपाटासमोर त्या ताठ उभ्या होत्या, डोळे मिटलेले, दोन्ही तळहात पुढे. एक डोळा उघडून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "या मॅडम. दोन मिनिटं." डोळा पुन्हा मिटला. हलक्या आवाजात आणखी काही बोलून त्या "आमेन" म्हणाल्या आणि लगेच ब्युरेटच्या काचनळ्या धुवायला लागल्या.

मला राहवेना. "कोणाशी बोलत होतात?"

"आधी प्रभूशी. मग दुसऱ्याशी."

"दुसरा कोण?"

"वैरी," त्या म्हणाल्या. समोरच्या दुकानातला वाणी म्हणावं इतक्या सहज.

"आणि हात लावायचा नाही, तो कोणाला?"

ब्युरेट उजेडात धरून त्यांनी आतला थेंब पाहिला. "अकरावी ब मधली गौरी. हातावर ब्लेडनं रेघा ओढतेय पंधरा दिवस झाले. उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालते. तुम्ही पाहिलं नाही?"

मी पाहिलं नव्हतं. गौरी माझ्या समोरच्या बाकावर बसायची.

त्याच दिवशी दुपारी बाई गौरीच्या आईला भेटायला सातपूरला गेल्या हे मला नंतर कळलं. आईला घेऊन त्या समुपदेशक बाईंकडेही गेल्या, एकदा नाही, चार वेळा. गौरी बारावी होऊन बाहेर पडली तेव्हा अर्ध्या बाह्यांचा ड्रेस घालून पेढे द्यायला आली होती. मी बाईंना म्हटलं, "तुमच्या प्रार्थनेला फळ आलं." त्या म्हणाल्या, "प्रार्थनेमुळे मला तिची बाही दिसली. बाकीचं तिच्या आईनं केलं."

मी शास्त्र शिकवणारी बाई. घरी गणपती बसतो, त्यापलीकडे माझं देवाशी फारसं बोलणं नाही. पण कोणतीही गोष्ट कशी चालते हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि बाईंची ही रोजची लढाई कशी चालते हे मला कळून घ्यायचं होतं. मी विचारायची आणि त्या काम करता करता उत्तरं द्यायच्या. रोज कशाला? कारण तो रोज येतो. बसून का नाही? बसून कोण लढतं? मोठ्यानं का? मनातल्या मनात बोललं की मी मध्येच भाजीचा विचार करायला लागते, म्हणून.

ढोबळ प्रार्थनेचा त्यांना राग होता. त्यांच्या चर्चमधल्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी आजारी असल्याचा मेसेज आला की शंभर जण हात जोडल्याचं चित्र पाठवायचे. बाई मोबाइल माझ्यापुढे धरायच्या. "बघा. झाली प्रार्थना. अंगठा दमला असेल बिचाऱ्यांचा." मग त्या आजारी माणसाला फोन लावायच्या आणि नेमकं काय दुखतंय, कधीपासून, जेवण जातंय का, घरात कोण आहे, असं सगळं विचारून लाल पेन्सिलीनं छोट्या वहीत लिहायच्या. लॅबमध्ये बाटलीवर नाव नसेल तर त्या ती सरळ ओतून द्यायच्या, प्रार्थनेतही त्यांचा खाक्या तोच.

एकदा मी गमतीनं म्हटलं, "बाई, माझ्या बीपीसाठी पण करा काहीतरी."

त्यांनी वही काढली. "किती असतं?"

"दीडशे-शंभर."

"काय मागू? बीपी कमी व्हावं, की तुमचं सासूबाईंवर चिडणं कमी व्हावं?"

त्यांनी काहीतरी लिहिलं. आठ दिवसांनी त्यांनी विचारलं, "काय झालं?" बीपी तेवढंच होतं. त्या म्हणाल्या, "मी बीपीचं मागितलंच नव्हतं."

एका दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर सुरगाण्याकडे गेले. खरं तर कुतूहल म्हणूनच गेले. त्यांच्या वडिलांच्या जुन्या पाड्यावर त्या वर्षातून दोनदा जायच्या. वणीवरून बोरगावपर्यंत एक जीप, तिथून दुसरी, मग अर्धा तास चालत. दोन्ही बाजूंना नागली कापणीला आलेली. पाड्यावर पोचायच्या आधीच ओरडण्याचा आवाज ऐकू आला.

एका घराच्या अंगणात पंधरा-वीस माणसं गोळा झाली होती. मध्ये पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी जमिनीवर बसवलेली. तिचं नाव मंजुळा. दोघांनी तिचे हात धरले होते, दोघांनी खांदे. बाहेरून आलेला एक प्रार्थनावाला, सगळे त्याला ब्रदर म्हणत होते, तिच्या डोक्यावर तळहात दाबून ओरडत होता, "नीघ! हिच्यातून नीघ!" प्रत्येक ओरडण्याला मुलीची मान मागे झटकत होती. तिचे ओठ कोरडे पडून फाटले होते.

तिचा बाप एस्तेरबाईंना ओळखत होता. तो धावत आला. "बाय, पोरीला धरलंय कोनीतरी. पडते, तोंडाला फेस येतो. तीन दिस उपास धरायला लावलाय तिला. अजून निघत नाय."

बाईंनी पिशवी माझ्या हातात दिली आणि सरळ मध्ये गेल्या.

"ब्रदर, हात काढा."

तो डोळे मिटून ओरडतच राहिला. बाईंनी त्याचं मनगट धरलं. "हात काढा म्हटलं ना!"

"बाई, मध्ये येऊ नका. तुमचा विश्वास कमी पडतोय."

"पडत असेल. हात काढा."

त्यानं हात काढला. बाकीच्या चौघांनीही सोडलं, बहुधा बाईंच्या चेहऱ्याकडे बघूनच. ब्रदर चिडून म्हणाला, "म्हणजे सैतान नाही असं म्हणणं आहे तुमचं?"

"आहे ना," बाई म्हणाल्या. "माझी त्याच्याशी तुमच्यापेक्षा जुनी ओळख आहे. पण तीन दिवस उपाशी पोरीला चार बाप्यांनी दाबून धरायचं, हे काम त्याचं आहे. प्रभूचं नाय. तुम्ही कोणाकडून लढताय ते आधी बघा."

बाईंनी मंजुळाच्या आईला तांदळाची पेज करायला लावली आणि स्वतः चमच्यानं मुलीला पाजली. पाजता पाजता आईला विचारत राहिल्या. पडते तेव्हा किती वेळ? जीभ चावते का? कपडे ओले होतात का? मग मुलीचा हात हातात घेऊन त्यांनी प्रार्थना केली. आवाज इतका हळू होता की मला फक्त शेवटी मुलीचं नाव ऐकू आलं. मुलगी त्यांच्या मांडीला टेकून बसली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला आणि तिच्या आईला घेऊन नाशिकला आलो. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि फिट्सचा आजार आहे, गोळ्या कितीतरी वर्षं न चुकता घ्याव्या लागतील, असं सांगितलं. दवाखान्याच्या बाहेर चहा पिताना मी अगदी खुशीत होते. "बघा बाई, म्हणजे शेवटी आजारच निघाला. सैतान वगैरे काही नव्हतं."

माझ्यावर त्या तेव्हा पहिल्यांदा चिडल्या.

"असं मी कधी म्हटलं? गोळी आजाराला आहे मॅडम. बाप म्हणतो माझ्या पापानं झालं, त्याला कुठली गोळी? आई लाजेनं पोरीला घरात कोंडते, त्याला? आणि पोरीला स्वतःलाच वाटायला लागलंय की आपल्या आत कोणीतरी घाण राहतंय. त्याला देणार आहेत का डॉक्टर काही लिहून? फिट कोण आणतं मला माहीत नाही. पण फिट आल्यावर आजूबाजूला काय पेरायचं हे वैऱ्याला बरोबर कळतं. मी तिथं उभी राहते."

मला हे पटलं असं मी म्हणणार नाही. चहा संपवून आम्ही गोळ्या घ्यायला रांगेत लागलो.

मंजुळाच्या वडिलांना त्या दर आठवड्याला फोन करायच्या. "आज गोळी दिली का? दाखव मला पाकीट. व्हिडिओवर दाखव." मध्येच दोन वेळा त्यानं गोळ्या बंद केल्या. दोन्ही वेळा बाई रजा टाकून सुरगाण्याला गेल्या.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला सोपं नाही, कारण त्यात मी आहे.

आमच्या विभागाचे प्रमुख कारखानीस सर. हुशार, नीटनेटके, वक्तशीर. मी तेव्हा अजून कायम झाले नव्हते आणि माझ्या कायम होण्याच्या कागदावर त्यांचा शेरा लागणार होता. एका शनिवारी बारावीचं प्रॅक्टिकल चालू असताना प्राजक्ता नावाच्या मुलीनं परीक्षानळीतल्या द्रावणात सल्फ्युरिक ॲसिड ओतलं. बाटलीवर 'डायल्यूट' लिहिलं होतं, म्हणजे भरपूर पाणी घातलेलं, सौम्य. आत होतं ते पाणी न घातलेलं, तीव्र. नळीतलं द्रावण उकळून उडालं आणि मुलीच्या मनगटापासून कोपरापर्यंत सांडलं. एस्तेरबाईंनी तिला उचलून नळाखाली नेलं आणि वीस मिनिटं तिचा हात वाहत्या पाण्याखाली धरून ठेवला. डॉक्टर म्हणाले, त्यामुळेच हात वाचला. व्रण मात्र राहिला.

बाटल्या भरण्याचं काम एस्तेरबाईंचं. साहजिकच बोट त्यांच्याकडे गेलं. पालक संतापले होते, प्राचार्यांनी तिघांची चौकशी समिती नेमली आणि निर्णय होईपर्यंत बाईंना कामावर येऊ नका म्हणून सांगितलं. बाई एवढंच म्हणाल्या, "ती बाटली मी भरलेली नाही. आदल्या दिवशी ती रिकामी होती, मी उपडी घालून गेले होते."

ती बाटली कोणी भरली हे मला माहीत होतं. त्या सकाळी मी कोपऱ्यातल्या टेबलावर जर्नल तपासत होते. कारखानीस सर ॲसिडच्या कपाटाशी उभे होते, एका हातात बाटली, कान आणि खांद्यामध्ये मोबाइल. त्यांनी ॲसिड ओतलं, नंतर पाण्यात मिसळू म्हणून असेल, बाटली फळीवर ठेवली आणि बोलत बोलत बाहेर गेले. मी हे पाहिलं होतं. पाहिलं तेव्हा त्याचा अर्थ लागला नव्हता. प्राजक्ता किंचाळली तेव्हा लागला.

समितीसमोर मी सांगितलं, "मी त्या वेळी जर्नल तपासत होते." हे खोटं नव्हतं. कारखानीस सरांनी सांगितलं, "बाटल्यांची जबाबदारी असिस्टंटची असते." हेही खोटं नव्हतं. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता बाहेर आलो.

सहाव्या दिवशी मी एस्तेरबाईंच्या घरी गेले. का गेले हे नीट सांगता येणार नाही. बाई ओट्याशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. चेहरा ओढलेला. मला बघून त्यांनी गवती चहा टाकून आधण ठेवलं. भिंतीवर वडिलांचा फोटो होता, फेटा बांधलेला.

"कशा आहात?" मी विचारलं.

"वाईट," त्या म्हणाल्या. "मला चार दिवस प्रार्थना येत नाहीये."

हे मला अपेक्षित नव्हतं. "म्हणजे?"

"सकाळी उभी राहते. कारखानीस सरांचं नाव घ्यायचं असं ठरवलेलं. त्यांनीच भरली बाटली, दुसरं कोण त्या कपाटाला हात लावतं? तोंड उघडते आणि आत नुसत्या शिव्या. एवढ्या शिव्या मला येतात हेच माहीत नव्हतं. मराठीतल्या संपल्या, आता पाड्यावरच्या चालू आहेत." त्या हसल्या नाहीत. "मी आजवर दुसऱ्यांच्या दारात उभी राहून लढले मॅडम. या वेळी तो माझ्याच घरात शिरलाय. तो मला सांगतो, तुझं खरं आहे, तुझ्यावर अन्याय झालाय, तू कर द्वेष. आणि त्याचं सगळं बरोबर असतं, हाच त्रास आहे."

"मग काय करता?"

"उभी राहते. काही न बोलता पंधरा मिनिटं. मैदान सोडायचं नाही एवढंच."

चहा माझ्यासमोर आला होता. मी विचारू नये ते विचारलं. "माझ्यासाठी पण करता का प्रार्थना?"

"करते ना. तुमचं नाव घेताना शिव्या येत नाहीत."

"काय मागता?"

"तुम्ही डबा तसाच परत नेता असं सुनीता सांगत होती." सुनीता म्हणजे आमची शिपाई. "तुम्हाला अन्न गोड लागावं, एवढंच मागते सध्या."

मी उठले. काहीतरी काम आठवल्याचं सांगितलं आणि बाहेर पडले. चहा तसाच राहिला.

तरीही मी लगेच काही केलं नाही. आपण असं लिहिताना स्वतःला जरा बरं दाखवायला बघतो, म्हणून मुद्दाम सांगते. आणखी पाच दिवस गेले. त्या पाच दिवसांत मी वर्गात शिकवलं, घरी स्वयंपाक केला, कायम होण्याचा फॉर्मही भरला. एके दिवशी मधल्या सुट्टीत मी डबा उघडला. मेथीची भाजी होती. पहिला घास तोंडात घातला आणि तो काही केल्या गिळवेना. मी तो कागदात टाकला, डबा बंद केला, एक कोरा कागद घेतला आणि जे पाहिलं ते लिहून काढलं. खाली सही केली. प्राचार्यांकडे देण्याआधी तो कागद घेऊन कारखानीस सरांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, मी हे देणार आहे. तुम्ही आधी वाचावं असं वाटलं."

त्यांनी वाचला. चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "माझ्या भावाचा फोन होता. वडिलांना दवाखान्यात नेत होते. मी परत येऊन ते पाण्यात मिसळणार होतो." चष्मा पुन्हा लावून म्हणाले, "तुमचा कागद राहू द्या. मी स्वतः सांगतो."

"नाही सर. दोन्ही जाऊ देत."

दोन्ही गेले. सरांना वर्षभरासाठी प्रमुखपदावरून दूर केलं. एस्तेरबाईंना चार ओळींचं पत्र आलं, त्यात कामावर रुजू व्हावे असं होतं, माफीचा शब्द नव्हता. मी कायम झाले, दोन वर्षं उशिरा.

रुजू झाल्याच्या दिवशी बाई सातला आल्या, बाटल्या सगळ्या उतरवून पुसल्या, आणि प्रॅक्टिकल संपल्यावर मला म्हणाल्या, "चला माझ्याबरोबर." आम्ही कारखानीस सरांच्या खोलीत गेलो. सर उभे राहिले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण बाईंनीच सुरुवात केली.

"सर, मी तुम्हाला माफ केलं असं सांगायला आले होते. पण जिना चढताना लक्षात आलं की ते खोटं होईल. रोज सकाळी करते, दुपारपर्यंत उतरून जातं. दुसऱ्या दिवशी परत करते. अजून पक्कं बसलेलं नाही. पण मी सोडणार नाही, एवढं तुम्हाला माहीत असावं."

सरांनी दोन्ही हात जोडले. बाई म्हणाल्या, "आणि तुमच्या वडिलांचं नाव सांगा. पूर्ण. आता कसे आहेत ते?"

सरांनी नाव सांगितलं. बाईंनी तिथंच वही काढून लिहून घेतलं. बाहेर आल्यावर मी त्यांना विचारलं, "त्या दिवशी मी घरी आले तेव्हा तुम्हाला माहीत होतं का? की मी पाहिलंय?"

"नाही," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही चहा न पिता गेलात. तेव्हा वाटलं, हिच्या आत काहीतरी मोठं चाललंय. मग तुमच्यासाठी जरा जोर लावला."

माझ्या त्या कागदाचं श्रेय कोणाचं, हा प्रश्न मी पुष्कळदा स्वतःला विचारला आहे. मेथीचा तो घास, माझी लाज, की शरणपूरच्या दोन खोल्यांत माझं नाव घेऊन उभी असलेली बाई? प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते, तेव्हाच कारण सापडतं. इथे सगळंच एकदम चालू होतं.

निवृत्त झाल्यावर बाई नाशकात कमी आणि सुरगाण्यातच जास्त राहायला लागल्या. मंजुळा नर्सिंगच्या छोट्या कोर्सला लागली होती, फिट्स वर्षातून एखादी. पाड्यावर आणखी दोन घरांत तसाच आजार सापडला होता. बाई मला फोनवर सगळं सविस्तर सांगायच्या. कोणाची गोळी, कोणाचं दारूचं व्यसन, कोणत्या सासूनं सुनेला घराबाहेर काढलं आणि परत घेतलं. मी ऐकायची. शेवटी विचारायची, "आणि सर?" त्या म्हणायच्या, "चालू आहे."

एका पावसाळ्याच्या शेवटी त्या पाड्यावरच वारल्या. दोन दिवस ताप आणि मग हृदय थांबलं. मंजुळाचा फोन आला. मातीसाठी त्यांना नाशिकला आणलं. दफनभूमीत सगळे गाणी म्हणत होते, मला शब्द येत नव्हते म्हणून मी मागे उभी होते. तिथे लिंबाखाली कारखानीस सर दिसले, खूप वाळलेले, हातात शेवंतीची दोन फुलं. माती टाकून आल्यावर ते माझ्याजवळ थांबले.

"मला त्या दर महिन्याला फोन करायच्या," ते म्हणाले. "वडील गेले तेव्हाही आल्या होत्या. मी एकदा विचारलं, बाई, झालं का पक्कं? तर म्हणाल्या, सर, कधी झालं ते माझ्या लक्षातच आलं नाही, पण आता सवय लागली म्हणून करते फोन."

मला हे त्यांनी सांगितलं नव्हतं.

पण एस्तेरबाई म्हटलं की मला दफनभूमी आठवत नाही. मला आठवतो त्याच्या दोन महिने आधीचा दिंडोरी नाका. दुपारची वेळ. त्या आठ दिवसांसाठी नाशिकला आल्या होत्या आणि परत निघाल्या होत्या. मी त्यांना सोडायला गेले. जीप भरल्याशिवाय ड्रायव्हर निघत नव्हता, अजून दोन सीट हवेत म्हणून ओरडत होता. बाई मधल्या सीटवर, मांडीवर औषधांची पिशवी. शेजारी टोपलीत दोन कोंबड्या घेतलेली एक बाई येऊन बसली, तिला जागा व्हावी म्हणून त्या आक्रसून सरकल्या. मी पाण्याची बाटली आणायला समोरच्या टपरीवर गेले. परत आले तर त्यांचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं, प्रवासाआधीची प्रार्थना चाललीय. मी खिडकीशी गप्प थांबले. मिनिटभरानं लक्षात आलं की त्यांचं तोंड किंचित उघडं आहे आणि त्या चक्क घोरतायत. डोकं त्या कोंबड्यावालीच्या खांद्यावर कललेलं. तीही खांदा न हलवता बसली होती.

"ओ मॅडम," ड्रायव्हर म्हणाला, "गाडी निघते. उठवू का आजीला? काय सांगायचं राहिलं का?"

मी मान हलवून नको म्हटलं. पाण्याची बाटली खिडकीतून कोंबड्यावालीच्या हातात दिली. ती कुजबुजली, "जाग आली की देते." जीप धूर सोडत निघाली आणि दिंडोरी रोडच्या वळणावर दिसेनाशी झाली. मी हात हलवत होते, आणि आत त्या गाढ झोपल्या होत्या.